जुळाऱ्याची नजर आणि गणित

डोनाल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली निघाला, तो मोनोटाइपच्या शिसे-खिळ्यांनी जुळवलेला. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, तेव्हा खिळ्यांची जागा प्रकाशजुळणीने घेतली होती आणि गणिती सूत्रांचे पूर्वीचे सौष्ठव हरपले होते. यंत्र बदलले, जुळाऱ्याच्या नजरेतील विद्या मागेच राहिली. ती गणितात उतरविण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील या प्राध्यापकाने त्याच वर्षी ‘टेक’ ही संगणकीय जुळणीची प्रणाली रचावयास घेतली.

जुळारी एकेक ओळ भरून पुढे जाई. बसलेली ओळ पुन्हा उसवणे वेळखाऊ असे. ‘टेक’ अवघ्या परिच्छेदाचा एकदम विचार करते. शब्दांमधील जागा किती ताणली वा आवळली, शब्द कोठे तोडला, यांवर दोषांक ठेवून ज्या मांडणीची बेरीज सर्वांत कमी ती निवडते. त्यामुळे शेवटच्या ओळीची अडचण कधी पहिल्या ओळीतच सुटते. मायकेल प्लास यांच्यासह कनूथ यांनी ही रीत १९८१ साली निबंधरूपाने मांडली.

तरीही एखादी ओळ कशीच बसत नाही. तेव्हा ‘टेक’ ती समासाबाहेर जाऊ देते आणि तशी सूचना नोंदविते. पुढे वाक्य बदलावे की शब्द तोडावा, हा निर्णय माणसाचाच राहतो.