ब्रिस्टलच्या खतातलं घराणं

जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा ‘सी. एलेगन्स’ हा गोलकृमी जेमतेम १ मिलिमीटरचा. आपल्या पोटातल्या जंतांचा भाऊबंद, पण निरुपद्रवी. सडक्या पाल्यातले जिवाणू खाऊन राहणारा. अल्जियर्समध्ये ग्रंथपाल असलेल्या एमिल मोपा यांनी १९०० साली त्याचं पहिलं वर्णन केलं. सीनोऱ्हॅब्डायटिस या स्वतंत्र प्रजातीचा मान मिळायला १९५५ उजाडलं.

प्रयोगशाळेतलं घराणं मात्र निघालं इंग्लंडात, ब्रिस्टलजवळच्या अळंबीच्या खतातून, १९५१च्या सुमारास. तिथून ते कॅलिफोर्नियात एल्सवर्थ डॉहर्टींकडे गेलं आणि १९६४मध्ये केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांच्या हाती आलं. ब्रेनरना जनुकांच्या वाटेने मज्जासंस्था समजून घ्यायची होती. त्यांच्या प्रस्तावात नाव होतं चुलतभावाचं, ‘सी. ब्रिग्सी’चं, वर्णी लागली एलेगन्सची. या वाणाला ‘एन२’ म्हणू लागले.

प्राणी मोठा सोयीचा. अंगातून आरपार दिसतं, तीन-चार दिवसांत अंड्याचा प्रौढ होतो. बहुतेक सगळे उभयलिंगी, त्यामुळे एकट्याला सुमारे ३०० पिल्लं. शरीरपेशी मोजून ९५९, त्यांतल्या ३०२ चेतापेशी. अगारवर तो कुशीवर पडून सरकतो. अंगात स्नायूंच्या चार उभ्या पट्ट्या, वर्तुळाकार स्नायू नाहीतच. म्हणून गांडुळासारखं आखूड-लांब होणं त्याला जमत नाही. पाठीकडचे आणि पोटाकडचे स्नायू आळीपाळीने आवळतात, आतल्या द्रवाचा दाब शरीराला ताठ ठेवतो आणि मागे नागमोडी रेघ उमटते. रसायनाने जनुकं बिघडवायची आणि कुणाची चाल बिघडली ते पाहायचं, ही ब्रेनर यांची रीत.

एन२ला ‘जंगली वाण’ म्हणतात, ते काही मला पटत नाही. १९६९च्या सुमारास द्रव नायट्रोजनमध्ये गोठवेपर्यंत त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेतच निघाल्या होत्या. निसर्गातून आणलेले बहुतेक एलेगन्स खाद्यावर घोळका करतात. एन२ एकेकटा चरतो. १९९८मध्ये कळलं की हा फरक ‘एनपीआर-१’ या एकाच जनुकाचा. आणि तो बदल रानातला नव्हे! ब्रिस्टलच्याच कुळाची दुसरी पाती द्रवात वाढवली जात होती. तिच्यात जुनं जनुक शाबूत निघालं. माणसाच्या घरात राहून कृमी माणसाळला होता, एवढंच. म्हणून हल्ली तुलनेला हवाईतल्या माउई बेटावरच्या अननसाच्या शेतातला, १९७२चा वाण जोडीला घेतात. तो अजून घोळका करतो.