नवशिक्यांचा खेळ

सौंसरला संत्र्याच्या बागा बघायला गेलो होतो. दुपारचं ऊन टाळायला बाजारातल्या एका दुकानात शिरलो, तर आत चक्क पूलचं टेबल! आम्हा गोवेकरांचं बालपण कॅरमवर गेलेलं. यात काय अवघड, असं वाटलं. क्यू उचलली आणि पहिल्याच फटक्यात पांढरा बॉल पॉकेटात. कॅरममध्ये स्ट्रायकर जावा तसा.

तिथला पोरगा हसला नाही. "काका, मारता मारताच उठता कायले जी? अन् जोर कमी लावा."

बरोबर होतं त्याचं. बॉल कुठे जातो ते बघायच्या घाईत आपण अंग उचलतो, क्यूचं टोक हलतं, फटका तिरका बसतो. पुढचा हात टेबलावर घट्ट हवा. आणि समोरच्या बॉलमागोमाग पांढराही पॉकेटात जाऊ नये म्हणून त्याला मध्याच्या थोडं खाली, बेतानं मारायचं. कॅरमवाल्याला हे बेतानं मारणंच जमत नाही!

सौंसर २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे, त्याआधी छिंदवाड्यात होतं. बोली मराठी, राज्य मध्य प्रदेश. याच राज्यातल्या जबलपूरला १८७५ च्या पावसाळ्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये पूलचाच एक प्रकार, जास्तीचे रंगीत बॉल घालून, सुरू झाला. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम ठरले. तो जुळवणारा नेव्हिल चेंबरलेन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता (पंतप्रधान झाला तो वेगळा!). वूलिचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या पोरांना हिणवायचा एक शब्द त्याने नुकताच ऐकला होता: स्नूकर. मेसमधल्या एकाने पॉकेटाच्या तोंडाशी असलेला बॉल चुकवला, तेव्हा चेंबरलेनने त्याला तोच शब्द ऐकवला. मग गड्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, या खेळात आपण सगळेच स्नूकर, खेळाचंच नाव ते ठेवू!

ही हकिकत त्याने स्वतः १९३८ साली पत्रातून सांगितली, साठ वर्षांनी. म्हाताऱ्याच्या आठवणीवर किती विसंबायचं? पण मला ती खरी वाटते. शिवी देऊन ती स्वतःवरही घेतल्याचं उगाच कोण रचेल?

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, कुठल्याही खेळातले भारताचे पहिले वैयक्तिक विश्वविजेते. पहिला फटका त्यांचाही चुकला असेलच की.

पोराने पांढरा बॉल पुन्हा मांडला. मी वाकलो, वाकलेलाच राहिलो. यावेळी पांढरा टेबलावर राहिला. रंगीतही राहिला, ते सोडा.