कुत्र्या-मांजराच्या तोंडाला वास येतो? दुर्लक्ष करू नका!

‘कुत्रा म्हटलं की तोंडाला वास येणारच’, असं अनेकांना वाटतं. पण सतत येणारी दुर्गंधी हे बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजाराचं लक्षण असतं.

हे कशामुळे होतं?
पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२, तर मांजराला ३० दात असतात. त्यांवर जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो काढला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच त्याचं कडक, पिवळट कीटण होतं. मग हिरड्या सुजतात, दात हलायला लागतात.

कसं ओळखाल?
लाळ गळणं, एकाच बाजूने चावणं, हिरड्यांतून रक्त येणं. जेवतोय म्हणजे दुखत नाही, असं मात्र नाही. मांजरं तर दुखणं हमखास लपवतात.

काय कराल?
शक्यतो रोज मऊ ब्रशने दात घासा. सवय नसेल तर आधी बोटाला ओलं कापड गुंडाळून सुरुवात करा. कडक हाडं देऊ नका, त्याने दात तुटू शकतो.

आपली टूथपेस्ट चालेल का?
अजिबात नाही. प्राणी चूळ भरत नाहीत, पेस्ट गिळतात. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने घसरते आणि जीवावरही बेतू शकतं. प्राण्यांसाठीची वेगळी पेस्ट मिळते, तीच वापरा.

कीटण घरी खरवडू नका. हिरडीखालची घाण तशी निघत नाही. पशुवैद्य भूल देऊन ती साफ करतात. वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्या.