शंभर माणसं, पंचवीस चाचण्या

आजचा एपिसोड छोटा आहे. थोडं गणित आहे, पण घाबरू नका, पाढ्यांच्या पलीकडे जाणार नाही.

एप्रिल २०२० आठवा. आपल्या जालन्यातले स्वॅब तेव्हा ६० किलोमीटरवर औरंगाबादला जायचे. रिपोर्ट येईपर्यंत अख्खं घर जीव मुठीत धरून बसलेलं. राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आपल्याच जिल्ह्यातले, पण किटच मोजके, त्याला कोण काय करणार?

१३ एप्रिलला आयसीएमआरने सूचना काढली. जिथं रुग्ण तुरळक, तिथं जास्तीत जास्त पाच नमुने एकत्र करा आणि एकच आरटी-पीसीआर लावा. निगेटिव्ह आली तर पाचही जण सुटले. पॉझिटिव्ह आली तरच एकेकाचा नमुना वेगळा तपासा. १०० माणसांत एकच बाधित असेल, तर २० गटांच्या २० चाचण्या, अडकलेल्या गटाच्या आणखी ५. झाल्या २५! कोडमधला बग आम्ही असाच शोधतो, आधी कुठल्या भागात आहे ते बघायचं, मग ओळ न् ओळ.

ही युक्ती मात्र १९४३ची. रॉबर्ट डॉर्फमन, जे पुढे हार्वर्डला अर्थशास्त्र शिकवायचे, त्यांनी अमेरिकन सैन्यभरतीतल्या सिफिलिस तपासणीसाठी ती मांडली. कागदावर झकास. पण रक्त एकत्र केलं की ते पातळ व्हायचं आणि त्या काळच्या चाचणीला रोग सापडेल याचा भरवसा नसायचा. पीसीआरचं तसं नाही. ती प्रत्येक फेरीत विषाणूचा अंश जवळपास दुप्पट करते, त्यामुळे पाचपट पातळ झालेला नमुना दोन-अडीच फेऱ्या उशिरा सापडतो, इतकंच. अगदीच कमी विषाणू असलेला माणूस तेवढा निसटू शकतो. म्हणून आरोग्य कर्मचारी आणि रुग्णाच्या संपर्कातले लोक यांचे नमुने एकत्र करायचे नाहीत, असंही त्या सूचनेत होतं.

आता खरी गोम. ही युक्ती रोग कमी असतानाच चालते. पॉझिटिव्हचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की वापरू नका, असं आयसीएमआरनेच सांगितलं होतं. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने १० लाख रुग्णांचा आकडा ओलांडला, तेव्हा एकूण चाचण्यांत साधारण २० टक्के पॉझिटिव्ह होत्या. त्या दराने २० पैकी १३-१४ गट अडकतात, चाचण्या होतात ८७च्या आसपास, आणि अडकलेल्यांना रिपोर्टसाठी दुसऱ्या फेरीची वाट बघावी लागते ती वेगळीच.

माझ्या मते संधी होती ती एप्रिल-मे महिन्यातच, जेव्हा आपण जिल्ह्यातले रुग्ण बोटांवर मोजत होतो.