बाईचे वय, बीजाचे वय

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात हर्षा चावडाचा जन्म झाला आणि डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांची नावे घरोघरी पोचली. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे १९७८मध्येच साधले होते, हे पुढे आनंद कुमारांनीच जगापुढे मांडले. श्रेयाचा हा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. वयाचा इतिहास मात्र मागे राहिला.

वय वाढले की मूल राहणे अवघड, हे सुइणीही जाणत. पण उणीव बाईच्या वयाची, की नवऱ्याच्या वयाची आणि कमी झालेल्या सहवासाची? १९८२मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासाने हा गुंता सोडवला. नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणूच नसलेल्या २,१९३ स्त्रियांवर दात्याच्या वीर्याने उपचार झाले. बारा पाळ्यांअखेर गर्भधारणेचे प्रमाण पंचविशीपर्यंत ७३ टक्के होते. ३१ ते ३५ या वयात ते साडेएकसष्टवर आले, पस्तिशीनंतर चोपन्नच्या आसपास.

मग प्रश्न उरला, थकते काय: गर्भाशय की स्त्रीबीज? १९९०मध्ये अमेरिकेत बीजकोश थंडावलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना तरुण दात्रींची बीजे दिली गेली आणि त्यांना दिवस राहिले. २४ जानेवारी १९९१ रोजी हिंदुजांच्या हातून भारतातही दात्रीच्या बीजातून पहिले बाळ जन्मले. गर्भाशय बरेच टिकते. बीजे मात्र मुलीच्या जन्माआधीच तयार झालेली असतात आणि तिच्याबरोबर वय मोजतात. जुन्या बीजात गुणसूत्रांची वाटणी चुकते, गर्भ रुजत नाही किंवा पडतो. प्रयोगशाळा बीज निवडू शकते, तरुण करू शकत नाही.

२०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात हाच इतिहास मला दोन आकड्यांत दिसतो. उपचार घेणाऱ्या स्त्रीला पन्नाशीपर्यंत मुभा आहे. बीज देणारी मात्र २३ ते ३५ वर्षांचीच हवी.

मीरा रोड-भाईंदरमध्ये राहताना वंध्यत्व उपचारकेंद्रांच्या पाट्या मी वाचत असतो. हसरे बाळ असते, वयाचा आकडा क्वचितच. लग्न, नोकरी, घराचे हप्ते यांत पस्तिशी कधी उलटते ते कळत नाही. चाळिशीच्या बाईला यश मिळू शकते. पण स्वतःच्या बीजाने किती आणि परक्या बीजाने किती, हे तिला पैसे भरण्याआधी समजले पाहिजे. शास्त्राला हा फरक कळून तीस वर्षे उलटून गेली आहेत.