लिव्हरपूल शहरातील व्यावसायिक फुटबॉल क्लब : प्रारंभीचा इतिहास

इंग्लंडच्या वायव्येकडील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात एव्हर्टन आणि लिव्हरपूल हे दोन मोठे क्लब आहेत. दोघांचे मूळ एकच. सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चर्चमधील क्रिकेटपटूंना हिवाळ्यातही खेळता यावे म्हणून १८७८ मध्ये फुटबॉल संघ निघाला. चर्चबाहेरचे खेळाडूही येऊ लागल्याने पुढच्याच वर्षी त्याला एव्हर्टन या वस्तीचे नाव मिळाले. १८८४ पासून अ‍ॅनफिल्ड हे त्याचे मैदान झाले. खेळाडूंना वेतन देण्यास १८८५ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल लीगच्या १२ संस्थापक क्लबांत एव्हर्टन होता. शेजारच्या बूटल क्लबला मात्र जागा मिळाली नाही. १८९०-९१ चे लीग विजेतेपद एव्हर्टनने अ‍ॅनफिल्डवर असतानाच मिळवले.

अ‍ॅनफिल्डचे मालक जॉन होल्डिंग हे बिअरचे कारखानदार आणि हुजूर पक्षाचे पुढारी. खेळाडू कपडे बदलत ते त्यांच्याच सँडन हॉटेलात, आणि मैदानावर खाद्यपेये विकण्याचा हक्कही त्यांचाच. वार्षिक भाडे १०० पौंडांवरून २५० पौंडांवर गेले, तेव्हा सभासद बिथरले. त्यांचे म्होरके जॉर्ज महॉन हे सेंट डोमिंगोचे ऑर्गनवादक आणि उदारमतवादी पक्षाचे. मद्यविरोध आणि पक्षीय वैर यांची भर पडली हे खरे. तरी वादाचे मूळ क्लबवर सत्ता कोणाची, मालकाची की सभासदांची, यातच होते. या वादाला धार्मिक भांडण ठरवणे चुकीचे आहे.

१८९२ मध्ये एव्हर्टनने स्टॅनली पार्कपलीकडे गुडिसन पार्क उभारले. होल्डिंग यांच्या हाती रिकामे मैदान आणि मोजके खेळाडू उरले. एव्हर्टन हे नाव वापरू न दिल्याने त्यांनी लिव्हरपूल हा नवा क्लब काढला. आयरिश वंशाचे जॉन मकेना यांनी स्कॉटलंडमधून ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांचे इतके खेळाडू आणले की संघाला ‘मॅकांचा संघ’ म्हणत. १८९३-९४ मध्ये हा संघ द्वितीय श्रेणीत २८ सामने अपराजित राहिला आणि प्रथम श्रेणीत पोहोचला. दोघांचा लीगमधील पहिला सामना १३ ऑक्टोबर १८९४ रोजी गुडिसनवर झाला. एव्हर्टनने तो ३-० असा जिंकला. लिव्हरपूलचे पहिले लीग विजेतेपद १९००-०१ चे, तर एव्हर्टनचा पहिला एफए कप १९०६ चा.