आरसी बुकातले 1089, इंजिनातले 1105

इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ताम्रपट, बखरी, दफ्तरखान्यातले रुमाल, फार तर नाणी. आज ज्या साधनाबद्दल बोलायचं आहे ते बिडाचं आहे, त्याला चार भोकं आहेत आणि जुन्या ऑईलचा वास येतो. फियाट अकराशे या गाडीचं इंजिन. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. तुमच्यापैकी बरेच जण तिच्यात बसलेले असणार.

निमित्त सांगतो. कोल्हापुरात माझ्या आत्याच्या घरी एक अकराशे आहे, डिलाइट मॉडेल. 1998 साली तिचं इंजिन दुरुस्तीसाठी खोललं आणि काम तिथेच अडलं. हेड वेल्डिंगला गेलं, ते यायला वेळ लागला, तेवढ्यात ज्या मिस्त्रींनी इंजिन खोललं होतं ते वारले. सुटे भाग बिस्किटांच्या डब्यांत, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. वीस वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर आतेभावाने आणि मी ते बांधायला घेतलं. गॅरेजात 'इंजिन बांधणं' असंच म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो. मोट बांधावी तसं इंजिन बांधायचं.

आधी या इंजिनाची वंशावळ बघू, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

1937 साली इटलीत तुरीनच्या फियाट कंपनीने 508 सी नावाची गाडी आणली. तिच्यामागे दान्ते जाकोझा हा तिशीतला इंजिनिअर होता. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर, सिलिंडर चार. शाळेतलं सूत्र लावा: एका सिलिंडरचं घनफळ येतं 272 घनसेंटिमीटर आणि थोडं वर. गुणिले चार, 1089. याच मापाचं इंजिन फ्रान्समध्ये सिम्काच्या गाडीत गेलं. युद्धानंतर, 1946 मध्ये, चिसितालिया कंपनीने त्यावर शर्यतीची गाडी बांधली. त्याच कंपनीची 202 ही गाडी, जिचं इंजिन अकराशेवरूनच घडवलेलं आहे, आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. म्हणजे दादर स्टेशनबाहेर भाडं नाकारणाऱ्या टॅक्सीची चुलत बहीण संग्रहालयात आहे, असं म्हणायला हरकत नाही.

1953 मध्ये फियाटने नव्या बॉडीची 1100-103 आणली आणि लगेच पुढच्या वर्षी ती कुर्ल्यात आली. कुर्ल्यात का, हे समजून घ्यायला हवं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवात क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जोडण्यापासून झाली. 1953 साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. त्याचा आशय साधारण असा, की ज्यांच्याकडे भारतात प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच इथे राहावं. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना जागा नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर, हिंदुस्थान आणि स्टँडर्ड अशा मोजक्या कंपन्या उरल्या.

पुढची पन्नास वर्षं हिंदी रस्त्यावर काय धावणार, ते या निर्णयाने ठरवलं. इटलीत अकराशेचं उत्पादन 1969 मध्ये थांबलं. आपल्याकडे सत्तरच्या दशकात फियाटचं नाव गेलं, 'प्रेसिडेंट' आलं, मग 1974 पासून 'पद्मिनी'. पण 68 बाय 75 हे माप तेच, आणि ते शतक संपेपर्यंत टिकलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

झाला कंपनीचा आणि सरकारचा इतिहास. तो कागदावर मिळतो. आता डबे उघडू.

पहिली गोष्ट, माप. आरसी बुकात लिहिलंय 1089 सीसी. आम्ही ब्लॉक उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे नेला. ज्यांना कोल्हापूर माहीत आहे त्यांना उद्यमनगर सांगायला नको. शेतीचे पंप, ऑईल इंजिनं यांच्या कामावर वाढलेली ही वसाहत. त्यांनी बोअर गेज लावला: 68.5 मिलिमीटर. पिस्टनच्या डोक्यावर कोरलेलं होतं 020. म्हणजे वीस थाऊ, इंचाचे वीस सहस्रांश, बरोबर अर्धा मिलिमीटर आणि किंचित वर. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कापतात आणि मोठा पिस्टन घालतात. हे रीबोअरिंग. आता पुन्हा सूत्र लावा. 68.5 धरलं की उत्तर येतं सुमारे 1105. कागद म्हणतो 1089, लोखंड म्हणतं 1105. कागद खोटा नाही बरं का. तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसापुरता खरा आहे. नंतर काय झालं ते लोखंडाने लिहून ठेवलं.

आणखी एक गंमत. इंजिन इटालियन, म्हणजे जन्मापासून मेट्रिक. आपल्या देशाने मेट्रिक मापांचा कायदा 1956 मध्ये केला. पण दुरुस्ती झाली इंचात, कारण लेथवर हात बसलेल्या माणसाची भाषा 'थाऊ' ही होती, आणि बाजारात मिळणारा पिस्टनही तीच भाषा बोलत होता. कायदा बदलल्यावर हाताची सवय किती वर्षांनी बदलते, याचा याहून नेमका पुरावा मला दफ्तरात सापडला नसता.

दुसरी गोष्ट, जिथे आमचं काम खरोखर अडलं. पिस्टन कनेक्टिंग रॉडपासून सुटे करून ठेवलेले होते. रॉडवर कारखान्याचे आकडे होते, एक ते चार. पिस्टनच्या डोक्यावर मिस्त्रींनी पंच मारून ठिपके केलेले: एक, दोन, तीन, चार. सोपं वाटतं ना? एक ठिपका एक नंबरला. पण ब्लॉक नीट बघितल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीक गोल रेघ दिसली. म्हणजे त्यात स्लीव्ह घातलेली आहे. सिलिंडर इतका खराब झाला असणार, की लोखंडी नळी ठोकून तो पुन्हा उभा केला. चार पिस्टनांपैकी तिघांच्या अंगावर झिजेचे ओरखडे होते. चौथ्यावर लेथच्या बारीक रेघा अजून शाबूत. तो पिस्टन नवा, आणि नवा पिस्टन नव्या स्लीव्हचाच असणार. पण त्याच्या डोक्यावर ठिपके तीन नव्हते, दोन होते.

आता रेडिएटरकडून मोजलेला तिसरा सिलिंडर फ्लायव्हीलकडून मोजला तर कितवा? दुसरा. मिस्त्री मागून पुढे मोजत होते! मग पुशरॉडच्या पुडक्या तपासल्या, त्यांच्यावरच्या खुणाही त्याच क्रमाने बसल्या. वीस वर्षं जे भाग 'घोळ झालेले' म्हणून पडून होते, ते अगदी शिस्तीत ठेवलेले होते. फक्त ती शिस्त ज्याच्या डोक्यात होती तो माणूस नव्हता.

आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. अडलेली रिस्टोरेशनची कामं बहुतेक वेळा सुट्या भागांसाठी अडली असं आपण म्हणतो. भाग मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधलं तर पद्मिनीचे भाग अजून निघतात. क्रम मिळत नाही. कोणता भाग कुठला, कुणी कधी काय कापलं, ही स्मृती गेली की लोखंड मुकं होतं.

म्हणून तारखेच्या बाबतीतही सावध राहावं लागतं. पिस्टन ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते ते 1998 चं. त्यावरून भाग कधी गुंडाळले तेवढंच कळतं. स्लीव्ह कधी घातली ते कळत नाही. 1998 च्या आधी, इतकंच म्हणता येतं. पोथीच्या वेष्टनावरून पोथीचा काळ ठरवू नये, तसंच हे.

तिसरी गोष्ट, हेड. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं साधं नळाचं पाणी घातलं की पाण्याच्या वाटांभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आमच्या हेडवर अशा जागी वेल्डिंगचे थर होते, आणि ते एकाच वेळचे नव्हते. नवं हेड का घेतलं नाही? कारण तो काळ टाकून देण्याचा नव्हता. नवी गाडी मिळायला बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे हातातली गाडी चालू ठेवणं हेच शहाणपण.

आता प्रश्न असा, की इंजिन बांधताना नेमकं कोणतं बांधायचं? पुस्तकातलं, की मिस्त्रींनी मागे ठेवलेलं? नवा ब्लॉक शोधून पुन्हा 1089 करणं शक्य होतं. आतेभावाचं मत तसंच होतं, आणि त्यात तथ्य आहे. कारखान्याने काय बनवलं ते दाखवणारा एखादा शुद्ध नमुना कुठेतरी असायला हवा. पण तशा गाड्या संग्राहकांनी जपल्या आहेत. पन्नास वर्षांची दुरुस्ती अंगावर वागवणारी गाडी मात्र भंगारात जाते. लेथवाल्याने मापं घेऊन सांगितलं की स्लीव्ह पक्की आहे, बोअर मर्यादेत आहे. मग वाद मिटला. 1105 च ठेवलं.

जुळणीचा क्रम थोडक्यात सांगतो. क्रँक तीन मेन बेअरिंगांवर बसतो. शेलच्या पाठीवरचे आकडे वाचून तो किती घासलाय ते कळलं. ऑईलच्या वाटा तारेने आणि हवेने साफ केल्या, कारण तिथे राहिलेला कचरा पहिल्या दहा मिनिटांत बेअरिंग खातो. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळले, नाहीतर ॲल्युमिनियम वाकतं. टायमिंग चेनच्या खुणा जुळवल्या, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 लावली. मग प्लग काढून, पुलीच्या नटाला पाना लावून हाताने इंजिन फिरवलं. कुठेही अडकलं नाही. स्टार्टरने ऑईलचा दाब आणला, आणि त्यानंतर पेट्रोल. चालू झालं, थोडं धुरकट, पण चारही सिलिंडरवर.

शेवटची विनंती. तुमच्या घरात, शेजारी एखादे जुने मिस्त्री असतील, गॅरेजची वही असेल, मापांनी भरलेल्या डायऱ्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. कंपन्यांचे अहवाल ग्रंथालयात मिळतात. कुठल्या सिलिंडरला कुणी स्लीव्ह घातली, हे त्या वहीशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. आणि इंजिन खोलणार असाल तर प्रत्येक डब्यावर लिहा: काय, कुठलं, कुठून मोजलं. आम्ही आता तसं लिहून ब्लॉकच्या नोंदवहीत ठेवलंय, मिस्त्रींच्या उलट्या क्रमासकट.

आता प्रश्न घेऊया.